सदूने सांभाळलेला बास

माणसाला राग कशाकशाचा येतो! एस.टी. चुकली म्हणून येतो, कालवणात मीठ कमी पडलं म्हणून येतो. भागोजीला त्या शनिवारी सकाळी राग आला तो वासाचा. आठ महिन्यांनी तो रेवदंड्याला घरी आला होता. वहिनीनं, वेणूबाईनं, पायावर पाणी घातलं, चहा पुढं केला. तो कप तसाच ओट्यावर ठेवून हा आधी मागच्या खोपीकडं गेला. दार ढकललं आणि मुशीच्या तेलाचा भपकारा नाकात घुसला. मुशी म्हणजे दर्यातला शार्क; तिचं काळीज कढवून काढतात, होडीच्या लाकडाला चोळतात, ते तेल. वास होडीला येत असता तर त्याला उलट बरंच वाटलं असतं. पण खोपीत होडी नव्हती. दोन ओंडक्यांवर पालथा घातलेला, तेलानं न्हालेला, वर माशा घोंघावताहेत असा त्याचा डबल बास पडला होता.

"दादा!" भागोजी असा ओरडला की मांडवावर सुकत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे उडाले.

सदू, त्याचा थोरला भाऊ, मागंच उभा होता. आणि हसत होता. तोंडभर हसत होता हो!

"बघितलास कसा चकाकतंय?" सदू म्हणाला. "म्हयन्याला एक हात दिला. होडीला एक, ह्याला एक. आठ म्हयन्यान एक चीर परली न्हाय."

ज्यांनी डबल बास पाहिला नाही त्यांना सांगायला हवं. व्हायोलिन तर सगळ्यांना माहीत आहे. तेच माणसाच्या डोक्यावर जाईल एवढं थोराड करा, जमिनीवर उभं करा, त्याला आतड्याच्या चार जाड तारा चढवा, त्यांच्यावर घोड्याच्या केसांचा गज ओढा, की झाला डबल बास. बँडात सगळ्यांच्या मागं उभं राहून बासवाला नुसता घुम् घुम् करत असतो. त्याच्याकडं कुणी बघत नाही, पण तो थांबला की पुढच्यांचे पाय लटपटतात. कोळीवाड्यात ह्या वाद्याला गलबत म्हणत. कोळ्याच्या पोरानं असलं काही वाजवावं हे कुणाला पटलंच नव्हतं. पण भागोजी माझगावच्या गोदीत सुतारकाम करायचा, त्याच्या शेजारच्या खोलीत कायतान मास्तर राहायचे, आणि त्या गोवेकर म्हाताऱ्यानं दहा वर्षं खपून त्याला शिकवलं. मास्तरांची बोटं आखडली तेव्हा त्यांनी आपला बासच भागोजीच्या हवाली केला.

हवाली करताना दमही भरला. "ऐक, बाबा. वाजवून झालं की तारांवरची राळेची भुकटी कोरड्या फडक्यानं पूस. पाणी नको, तेल तर नकोच नको. पालथा घालायचा नाही. कोपऱ्यात उभा, तोंड भिंतीकडं. उन्हात नाही, चुलीजवळ नाही. दर्याची हवा लागणार असेल तर घोंगडी गुंडाळ. गजाचे केस काम झालं की ढिले सोड. तार बदलायची तर एकेक. चारही एकदम कधी सोडायच्या नाहीत, कारण आत आल्म उभा आहे."

आल्म म्हणजे पोर्तुगीजांच्या भाषेत आत्मा. बासच्या पोटात, पुढची फळी आणि मागची फळी यांच्या मध्ये, वीतभर लांबीची एक गोल दांडी उभी असते. तिला ना सरस, ना खिळा. तारांच्या ताणानं पुढची फळी दाबली जाते, त्या दाबावर ती उभी. चारही तारा सुटल्या की दांडी पडते. आणि ती पडलेली असताना कुणी तारा ताणल्या, तर सगळा भार नुसत्या फळीवर येतो नि फळी खचते. "म्हणून ताणण्याआधी आत बघ," मास्तर म्हणाले होते. "दर वेळी बघ. नाही बघितलंस तर बास गेला म्हणून समज." भागोजीला हे सगळं पाठ होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं घडाघडा सांगितलं असतं.

आणि आता तर त्याचं पोटच त्या बासवर होतं. मागच्या पावसाळ्यात त्याला छातीचं दुखणं लागलं. आठ महिने मुंबईच्या दवाखान्यात काढले. खोली सोडावी लागली तेव्हा सदू आपली होडी घेऊन मुंबईला गेला आणि भागोजीची ट्रंक, वळकटी नि हा बास घेऊन आला. परवा दवाखान्यातून सोडताना डॉक्टरनं बजावलं होतं, करवतीचा भुसा छातीत जाता कामा नये, जाळं ओढायचं नाही, ओझं उचलायचं नाही. म्हणजे गोदीही बंद आणि दर्याही बंद. तिशीतल्या कोळ्यानं करायचं काय मग, बायकांत बसून बोंबील निसायचे? त्यातच मास्तरांची चिठ्ठी आली होती. उद्या रविवारी खाडीपलीकडं कोर्लईला मास्तरांच्या भाचीचं लग्न. मुंबईच्या एका बड्या हॉटेलात वाजवणारा बँड लग्नाला येणार. त्यांचा बासवाला आफ्रिकेला निघून गेलाय. भागोजीनं उद्या वाजवावं, जमलं तर जूनपासून हॉटेलातली जागा त्याची. सावलीतलं काम, उभ्या उभ्या करायचं, ना भुसा ना ओझं. ते गेलं तर दुसरं काही नव्हतंच.

म्हणून त्याचं डोकं फिरलं. आणि फिरलं ते असं फिरलं, की काही विचारू नका.

"कुनी सांगितला होता तेल लावायला?" तो किंचाळला.

"सांगायला कशाला हवा? लाकूड हाय. तेल न्हाय दिला तर कीड लागंल."

"ही होडी न्हाय!"

"लाकूड ता लाकूडच की रं."

भागोजीनं बास उलथा केला. बासच्या पुढच्या फळीला दोन बाजूंना दोन लांबट भोकं असतात, आवाज बाहेर यायची. ती दोन्ही भोकं कापूस ठासून, वर डामर फासून बंद केली होती. होडीच्या फटी बुजवतात तशी. वरून हात फिरवून गुळगुळीत केली होती, काम कसं नीटनेटकं!

"आवाजाची भोकं बुजवलीस? अरे, मग माझंच नाक-तोंड बुजवायचं होतंस! उद्या लग्नात काय वाजवू, तुझं डोकं?"

"त्याच्या पोटान पानी जात व्हता म्हनून—"

"गप!"

"आन आतली ती—"

"गप बोल्लो ना! एक शब्द काढू नको तोंडातून. तुझा शब्द ऐकला तरी माझ्या अंगाचा भडका उडतो."

सदू गप्प झाला. तो तसाच माणूस होता. त्याच्या जाळ्यावर दुसऱ्याचं जाळं येऊन पडलं, गुंता झाला, तर शिव्या देणारे दुसरे. सदू हसून दोन्ही जाळी सोडवत बसायचा. अख्ख्या कोळीवाड्यात तो कुणाशी भांडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. वेणूबाई मात्र दारातून म्हणाली, "भावजी, ते काय सांगतात ते ऐका तरी एकदा."

"वयनी, तुम्ही मधी पडू नका. तुमच्या नवऱ्यानं माझा गळा कापलाय."

मग भागोजी कामाला लागला. बास अंगणात ओढून आणला. भाताचा कोंडा मागून घेतला, मूठमूठ कोंडा लाकडावर टाकून चोळायचा, तेल शोषलं की झटकायचा, पुन्हा नवा कोंडा. चोळता चोळता छातीत कळ यायची, खोकला यायचा, आणि प्रत्येक खोकल्याचा जाब सदूला. "बघ! बघ काय केलंस ते! डॉक्टरनं ओझं उचलू नको म्हनून सांगितलंय, आन मी हितं घोडा रगडतोय!" सदू कोंड्याची टोपली घेऊन उभा. मदतीला हात पुढं केला की भागोजी खेकसायचा, "तुझा हात लावू नको त्याला!" शेजारचा भिकू कुडावरून डोकावून म्हणाला, "काय रे, गलबत पान्यान उतरवताव काय?" त्यालाही दोन शिव्या मिळाल्या नि तो आपला जाळं विणायला परत गेला.

दुपार झाली. वेणूबाईनं ताट वाढलं, भागोजी जेवला नाही. वास उडावा म्हणून त्यानं बास भर उन्हात उभा केला. वैशाखाचं ऊन ते! उन्हात ठेवायचा नाही म्हणून मास्तरांनी बजावलं होतं की नव्हतं? पण रागावलेल्या माणसाला आपला राग सगळ्या नियमांच्या वर वाटतो. मग सुरीनं त्यानं डामर खरवडला, कापसाचे बोळे उपटून काढले. दोन्ही भोकं मोकळी झाली. तेव्हा एक डोळा मिटून एकदा आत बघितलं असतं तर पुरलं असतं. पण भागोजी आत बघतच नव्हता. तो सदूकडं बघत होता, डोळे वटारून.

"तारा कुनी सोडल्या?"

"मी. होडी वर ओढली की दोर ताणलेला ठेवतो काय कुनी? मुंबईला होडीन घालतानाच चारी सोडल्या. आराम परावा त्यांना."

चारी एकदम! दहा वर्षं शिकलेल्या माणसाला एवढं कानावर पडल्यावर दुसरं काही ऐकायची गरज नव्हती. पोटातली दांडी पडली असणार हे तिथंच कळायला हवं होतं. पण भागोजीला त्यातून एवढंच कळलं की सदूनं आणखी एक गाढवपणा केला.

"आन घोडी? घोडी कुठाय?" तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीला घोडी म्हणतात.

वेणूबाईनं ती आतून आणली. धुतलेल्या फडक्यात बांधून ठेवली होती. सदूनं गाठ सोडता सोडता पुन्हा तोंड उघडलं, "ही घोडी, आन दुसरा पन एक—"

"आन इकडं!" भागोजीनं घोडी त्याच्या हातातून हिसकली.

त्यानं घोडी फळीवर उभी केली, तारा तिच्यावर घेतल्या आणि खुंट्या पिळायला सुरुवात केली. पहिली जाडी तार ताणली. दुसरी ताणली. लाकूड कुरकुरलं. तेलानं खुंट्या चिकटल्यात, त्याला वाटलं. सदू मात्र लाकडाचा आवाज ओळखणारा माणूस. होडीची फळी कधी बोलते नि कधी रडते हे त्याला अंधारातही कळायचं. तो पुढं झाला.

"भागोजी, थांब जरा. ताणायच्या आधी माजा आईक—"

"तू मला शिकवनार? तू?" भागोजी त्याच्या अंगावरच धावून गेला. "गाढवाला गुळाची चव काय! ज्यानं बासला मुशीचं तेल पाजलं तो मला तारा ताणायला शिकवनार! जा, हो बाजूला. आठ म्हयने दवाखान्यात पडलो त्यापेक्षा तिथंच मेलो असतो तर बरं झालं असतं, तुझ्या हातची ही सेवा तरी बघावी लागली नसती."

असं बोलू नये माणसानं. भावाला तर कधीच बोलू नये. वेणूबाईनं पदर तोंडाला लावला. सदू दोन पावलं मागं सरला आणि खाली मान घालून उभा राहिला. आता तो काही बोलणार नव्हता.

भागोजीनं तिसरी तार ताणली, चौथी ताणली. गज घेतला, जाड्या तारेवर ओढला. आवाज आला, पण कोंदटलेला, हंड्यात तोंड घालून बोलावं तसा. कापसाचे तुकडे राहिले असतील आत, त्यानं मनाशी म्हटलं, आणि दात खाऊन खुंटीला आणखी अर्धा पिळा दिला.

काडकन आवाज झाला.

घोडी एका अंगाला कलली आणि खाली गेली. फळीच खाली गेली. घोडीच्या पायाशी चीर पडली, ती सरसर खालच्या काठापर्यंत धावली आणि पुढचं पोट चार बोटं आत बसलं. चारही तारा लुळ्या पडल्या. भागोजीच्या हातात नुसता गज राहिला.

तेव्हा त्यानं आत बघितलं. गुडघ्यावर बसून, फुटक्या फळीच्या फटीतून, उन्हाचा कवडसा आत पडला होता त्यात बघितलं. आत काही नव्हतं. कापसाचे दोन तुकडे आणि मोकळी जागा.

"आल्म कुठाय?" तो म्हणाला. ह्या खेपेला आवाज चढला नाही.

सदू घरात गेला. देव्हाऱ्यातून एक लाल फडकं घेऊन आला. त्यात ती वीतभर दांडी होती. तिला हळद-कुंकू लागलेलं होतं.

"होडीन आनताना आतल्या आत खडखड करत व्हती," सदू म्हणाला. "हलवून हलवून भोकातून काढली. काय तरी कामाची असंल बोल्लो, म्हनून देवाजवळ ठेवली. तेच सांगत व्हतो."

भागोजीला काय झालं असेल! राग गेला म्हणाल तर नाही गेला. राग होता तसाच होता, धगधगत होता, फक्त टाकायला जागा राहिली नव्हती. दांडी हरवली असती, चुलीत गेली असती, तर शिव्या घालायला सोय होती. ती देवाजवळ होती. रोज तिला हळद-कुंकू मिळत होतं. तीन वेळा भाऊ सांगायला आला आणि तीन वेळा ह्यानं त्याचं तोंड बंद केलं. भागोजीनं गज जमिनीवर आपटला, कपाळावर मूठ मारून घेतली आणि ओट्यावर जाऊन बसला.

चारच्या सुमारास कायतान मास्तर आले. कोर्लईहून तरीच्या होडीनं खाडी ओलांडून, भर उन्हात काळा कोट घालून, हातात छत्री. बास कसा आहे ते स्वतः बघावं, म्हणून आले होते. अंगणात पाऊल टाकलं आणि तिथंच थांबले.

"सायबा!" ते म्हणाले. छत्री हातातून गळाली. वाकून त्यांनी फुटलेल्या फळीवरून आखडलेली बोटं फिरवली, ती नाकाशी नेली. "मासळीचं तेल? माझ्या बासला? कुणी केलं हे?"

भागोजीनं तोंड उघडायच्या आत सदू पुढं झाला.

"मी," तो म्हणाला. "तेल मी लावला. भोकं मी बुजवली. आतली दांडी मी काढली. आन तारा पन मीच ताणल्या. भागोजी घरान नव्हता. तो आला तवा ह्यो असाच फुटलेला व्हता."

वेणूबाई नवऱ्याकडं बघत राहिली. भागोजी बोलला नाही. बोलायला हवं होतं. पण त्याच्या मनात आलं, मास्तर काय म्हणतात ते तरी ऐकू.

मास्तर बासपाशी बसले. मग उठले, डोळे पुसले आणि भागोजीच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझी चूक नाही, बाबा. तू दवाखान्यात होतास. अडाण्याच्या हातात पडलं, त्याला तू काय करणार? उद्या लग्नात बासशिवाय भागवू. माझगावला माझ्या मावसभावाकडं एक बास धूळ खात पडलाय, तो तुला मिळवून देतो. बँडवाल्याला मी सांगतो, माझ्या शब्दावर तो तुझ्यासाठी जूनपर्यंत थांबेल. जागा तुझीच."

ऐकलंत? जागा त्याचीच! नुसतं गप्प बसायचं होतं. सदू मान खाली घालून उभा होता, पण भागोजीला दिसलं, त्याच्या तोंडावर हसू आलं होतं. पुन्हा तेच, सकाळचं, तोंडभर.

आणि मग मास्तर सदूकडं वळले. म्हाताऱ्यानं पन्नास वर्षं वाजवलेला बास गेला होता, त्यांच्याही जिभेला हाड राहिलं नाही. "जनावर!" ते म्हणाले. "दर्यातलं जनावर आहेस तू! शंभर वर्षांचं वाद्य, माझ्या बापानं पोर्तुगालातल्या लिस्बोआच्या जहाजावरून उतरवून घेतलेलं, आणि तू त्याला होडी समजलास? तुला मन नाही, कान नाही, हात तर नाहीतच, खुरं आहेत! भावाची भाकरी तुडवलीस तू, कळतं का? भागोजी, असल्या माणसाच्या सावलीला उभा राहू नको. हा तुला जगू द्यायचा नाही."

"मास्तर," भागोजी म्हणाला.

"नाही, बोलू दे मला. असल्या ढोराला—"

"मास्तर, पुरे!" भागोजी उठून मास्तर नि सदू यांच्या मध्ये उभा राहिला. "आणखी एक शब्द त्याला बोललात तर बघा! कोन ढोर? त्यानं तुमची दांडी आठ म्हयने देवाजवळ ठेवली. खोटं बोलतोय तो. तारा मी ताणल्या, आज दुपारी, ह्या हातांनी. आत बघितलं न्हाय मी. तीन वेळा तो सांगायला आला, तीन वेळा मी त्याला कुत्र्यासारखा हाकलला. बास मी फोडला. शिव्या द्यायच्या त्या मला द्या!"

 कुडापलीकडं भिकूचा हात जाळ्यावर थांबला.

मास्तरांनी छत्री उचलली, तिच्यावरची माती झटकली. त्यांचा आवाज आता अगदी खाली आला होता. "तेल लागलेलं मी पुसून घेतलं असतं," ते म्हणाले. "अडाण्याची चूक धुता येते. पण तुला मी दहा वर्षं शिकवलं. बासवाल्याला बँडात मागं का उभा करतात? त्यानं सगळ्यांचं ऐकावं म्हणून. तुला घरातल्या माणसाचंही ऐकू आलं नाही. ह्या हातात मी दुसरा बास देणार नाही, आणि बँडवाल्याला तुझं नावही सांगणार नाही."

ते निघाले. भागोजी त्यांच्या मागं गेला नाही. काळा कोट नारळींच्या आड दिसेनासा होईपर्यंत तो बघत राहिला, आणि मग सदूकडं वळला. गेलं ते गेलं, पण खरं बोललो, आता दादा खांद्यावर हात ठेवेल, असंच त्याला वाटत होतं.

सदूनं हात उचलला तो फाडकन त्याच्या कानफटात दिला.

"खुळ्या!" सदू ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा ओरडला असेल, आवाज फाटलाच त्याचा. "मी खोटा बोल्लो तो कोनासाठी? माज्यासाठी? जागा मिलाली व्हती तुला! हातात दिली व्हती!"

"दादा, तो तुला ढोर बोल्ला—"

"बोलू दे ना! ढोर बोल्ल्यानं मना काय शिंगं फुटनार व्हती? तुजा डाक्तर मना सोताहून बोल्ला, यो जाळा ओढंल तर मरंल. एक काम व्हता तुज्या छातीला झेपनारा, एकच! त्याच्यासाठी मी मान खाली घालून उभा व्हतो, आन तू तोंड उघडलास! तुजा राग तुला वाईट करताना आवरत न्हाय, नि चांगला करताना पन आवरत न्हाय! आता काय करशील? बोल, काय करशील?"

"ऐक ना, मी—"

"गप! आता तू गप! सकालपासून तू बोललास, आता मी बोलनार!"

भागोजीचा गाल चुरचुरत होता. जिभेवर दहा उत्तरं होती, आणि त्यातली काही खरीही होती. तेल लावायला नकोच होतं, भोकं बुजवायला नकोच होती. ती सगळी त्यानं गिळली आणि ओट्यावर खाली बसला.

"बोल, दादा," तो म्हणाला.

आणि सदू बोलला. अंगणात येरझारा घालत, हातवारे करत, कधी रडत, कधी शिव्या देत बोलला. कुडापाशी माणसं जमली, वेणूबाईनं त्यांना हाकललं. सदू दवाखान्यात भेटायला गेला तेव्हा भागोजी त्याच्या कपड्यांना मासळीचा वास येतो म्हणून लाजला होता, ते बोलला. सकाळी पाऊल टाकल्या टाकल्या वहिनीचा चहा न पिता गलबताकडं धावला, ते बोलला. "आन भोकं का बुजवली ता तरी आईकलास? मुंबईहून येताना खांदेरीसमोर वारा फिरला. होडीन गुडघाभर पानी. खलाशी बोल्लं, ता गलबत टाक, न्हाय तर आपन जाऊ. ह्याच्या पोटान पानी भरत चाललेला. मी अंगातला सदरा फारला, भोकान कोंबला. परत पानी जाऊ नये म्हनून घरी आल्यावर कापूस नि डामर लावला. आन मुंबईला जुनी देऊन घेतलेली नवी जाळी टाकली दर्यान. दोन्ही. ह्याला न्हाय टाकला. तुजा हाय म्हनून न्हाय टाकला!"

भागोजीनं चटकन वर पाहिलं. दोन्ही जाळी गेली, मग आठ महिने दादानं मासेमारी केली कशानं? कुणाच्या होडीवर खलाशी म्हणून गेला? वर्षानुवर्षं स्वतःच्या होडीचा तांडेल असलेला माणूस! विचारायला त्यानं तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं.

सदूचं अजून बोलून व्हायचं होतं.